पाण्याला मातीचा वास का येतो?

हा तांब्या बघा. पाणी नितळ आहे, तळ दिसतोय. पण तोंडाशी नेलं की कुबट, मातकट वास. वैशाखात आमच्या वाडीत काकी हमखास म्हणते, "पाण्याक मातीचो वास येता." मग तुरटी फिरते, पाणी उकळतं, आणि वास तसाच.

कारण हा वास मातीचा नाहीच, जिवाणूंचा आहे. तळ्यावरच्या ज्या हिरव्या तवंगाला आपण शेवाळ म्हणतो, तो बऱ्याचदा सायनोबॅक्टेरियांचा असतो, म्हणजे उन्हावर जगणाऱ्या जिवाणूंचा. उन्हाळ्यात पाणी उतरतं, तापतं, त्यात शेणखताचा नि सांडपाण्याचा निचरा साचलेला, मग ते झपाट्याने वाढतात. त्यांच्या काही जाती आणि गाळातले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात. हे नाव 1965 मधलं, ग्रीक अर्थ मातीचा वास. मृगाच्या पहिल्या सरीला आपण ज्या वासासाठी पडवीत येऊन उभे राहतो, त्यातही हेच जिओस्मिन! आपलं नाक त्याला फार तिखट. लिटरमागे 10 नॅनोग्रॅम, म्हणजे 10 कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम, एवढंही कळतं.

तळ्यातला मासा मातकट लागतो तोही यानेच. ते माशाच्या चरबीत साठतं. कोकमाचं आगळ चोळून ठेवायची आपली रीत इथे अगदी बरोबर आहे, आंबटात जिओस्मिन मोडतं.

पाण्याचं काय? तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेला वास नाही. उकळताना तर तो वाफेबरोबर जास्तच जाणवतो. आणि कृपा करून हिरव्या तळ्यात ब्लीचिंग पावडर किंवा मोरचूद ओतू नका. बरंचसं जिओस्मिन जिवाणूंच्या पेशीतच असतं. पेशी फुटल्या की सगळं पाण्यात उतरतं. वास धरून ठेवतो तो सक्रिय कोळसा. तो आपल्या नारळाच्या करवंटीपासूनही बनतो, पण कारखान्यात, प्रचंड उष्णतेत. चुलीतला कोळसा टाकून ते काम होत नाही.

पाण्यात असतं तेवढं जिओस्मिन विषारी नाही. मला काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. काही सायनोबॅक्टेरिया यकृताला घातक असं मायक्रोसिस्टिनही बनवतात. ते नाकाला कळत नाही आणि उकळून जात नाही. काठाला हिरवा रंग ओतल्यासारखी साय दिसली, तर ते पाणी उकळूनही पिऊ नका, पोरांना पोहायला पाठवू नका, गुरांनाही तिथे सोडू नका.