ताण उतरलेल्या रक्तवाहिन्या

[दृश्य: तंतुवाद्याची खुंटी हळूच उलटी फिरते. तार सैल पडते.]

तार सैल पडली की सूर उतरतो. तार तुटलेली नसते, झिजलेली नसते. तिच्यातला ताण तेवढा गेलेला असतो.

या ताणाला प्राचीन ग्रीक भाषेत 'टोनोस' म्हणत. वैद्यकातला 'टोन' तिथूनच आला. शब्द परका वाटतो, पण तो आपल्या नात्यातला आहे. 'टोनोस' आणि संस्कृतमधला 'तन्' हा धातू एकाच मुळातून फुटले. तंतू, तान आणि रोजच्या बोलण्यातला ताण, ही सगळी त्याच घरातली मंडळी.

आता एक भारदस्त शब्द: अँजिओहायपोटोनिया. फोड केली की तो सोपा होतो. 'अँजिओ' आपल्याला अँजिओग्राफीमुळे ओळखीचा आहे. मूळ ग्रीक 'अँजिऑन' म्हणजे भांडं. 'हायपो' म्हणजे खाली, कमी. संस्कृत 'उप' त्याचाच भाऊबंद. उरला टोनोस. रक्ताच्या भांड्यांचा ताण उतरलाय, एवढंच हा शब्द सांगतो.

लॅटिन भाषेतही भांडंच आहे, 'व्हास'. 'व्हॅसो'ने सुरू होणारे शब्द त्यावरून आले. मला मात्र आपला 'रक्तवाहिनी' अधिक नेमका वाटतो. रक्त तिथे साठत नाही, वाहतं.

पण ही वाहिनी म्हणजे निर्जीव नळी नव्हे. तिच्या भिंतीत स्नायू असतात आणि ते सतत थोडेसे आवळलेले असतात. सर्वांत जास्त फरक पडतो तो धमनिकांमध्ये, म्हणजे धमन्यांच्या बारीक फाट्यांमध्ये. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाहाला होणारा अडथळा दुप्पट नाही, तब्बल 16 पट होतो. म्हणून स्नायूंची जराशी ढिलाई रक्तदाब झपाट्याने खाली आणते.

[दृश्य: सशाचे दोन कान. एक फिकट, दुसरा लालसर.]

हे आवळून धरण्याचं काम कोण करवून घेतं? 1851 साली फ्रान्समध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी सशाच्या मानेतली एका बाजूची सिम्पथेटिक नस कापली. ही नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, शरीरातल्या आपोआप चालणाऱ्या कामांचे निरोप नेणारा मज्जातंतू. त्या बाजूचा कान थंड पडेल, अशी त्यांची अपेक्षा होती. झालं उलटंच. कान लाल झाला, हाताला गरम लागू लागला. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार या दुसऱ्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने कापलेल्या नसेच्या टोकाला विजेची उत्तेजना दिली आणि तो कान पुन्हा फिका पडला. नसेकडून येणारा निरोपच वाहिन्यांना आवळून धरत होता.

[दृश्य: पलंगावर टेकलेले दोन हात.]

हे दोन वेगळ्या रुग्णांचे हात. रक्तदाब दोघांचाही कमी आहे. पहिल्याचं बरंच रक्त गेलंय. त्याचा हात गार, घामेजलेला, नाडी बारीक. उरलेलं रक्त मेंदू-हृदयाला पुरावं म्हणून शरीराने त्वचेकडच्या वाहिन्या आवळून घेतल्यात. दुसऱ्याच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरलाय. सुरुवातीला त्याचा हात चक्क ऊबदार लागतो, नाडीही उसळती. घरच्यांना वाटतं, हात गरम आहे म्हणजे बरं आहे. हा गैरसमज जीवघेणा ठरू शकतो. त्याच्या वाहिन्यांनी आवळणं सोडून दिलंय.

म्हणूनच 'हायपोटेन्शन' आणि 'हायपोटोनिया' यांची गल्लत करून चालत नाही. पहिला शब्द दाब कमी असल्याचं सांगतो. दुसरा, तो का कमी आहे त्याकडे बोट दाखवतो.

ताण पार कोसळला, औषधांनाही दाद देईना, की अतिदक्षता विभागात शब्द ऐकू येतो व्हॅसोप्लेजिया. यातला 'प्लेजिया' ग्रीक 'प्लेगे'वरून आला, म्हणजे तडाखा. पॅराप्लेजियातही, म्हणजे दोन्ही पायांच्या लकव्यातही, तोच आहे. रक्तवाहिन्यांचा लकवाच म्हणा. गंभीर जंतुसंसर्गात असं होतं, हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतरही कधीकधी होतं. शरीरात नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार होणं हे त्यामागचं एक मोठं कारण. हा वायू वाहिन्यांना सैल करतो. हे काम उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 1998 साली नोबेल मिळालं.

[दृश्य: सिरिंज पंप. आकडे हळूहळू वर सरकतात.]

पंपातून थेंबाथेंबाने जाणारं औषध नॉरअॅड्रेनलिन. सिम्पथेटिक नसांची टोकं वाहिन्यांच्या भिंतीपाशी हेच रसायन सोडतात. सशाच्या त्या कानापर्यंत जे पोहोचेनासं झालं होतं, तेच आता सुईवाटे दिलं जातंय.