भिंत बंद होण्याआधीचा प्रश्न

[दृश्य: जुन्या लाकडी घरातली खोली. भिंतीवरचा फुलाफुलांचा कागद अर्धा निघालाय, अर्धा तसाच चिकटून आहे.]

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका घरमालकाला भिंतीवरचा जुना कागद काढायचा होता. तो व्यवसायाने बँकर, सुतारकाम किंवा गवंडीकाम त्याचं नव्हे. त्याने ‘आस्क धिस ओल्ड हाउस’ या घरदुरुस्तीच्या टीव्ही कार्यक्रमाकडे मदत मागितली. कारागीर घरी आले, काम दाखवलं, चित्रीकरण झालं. आणि 2003 मध्ये हाच घरमालक, केविन ओकॉनर, मूळ ‘धिस ओल्ड हाउस’चा सूत्रसंचालक झाला.

वर्षानुवर्षं हा कार्यक्रम बघणाऱ्याच्या मनात तेव्हा एकच शंका येणं साहजिक होतं. ज्याला स्वतःच्या भिंतीचा कागद निघाला नाही, तो आम्हाला घर काय समजावणार?

ही शंका गंभीरपणे घ्यायला हवी. प्रेक्षकाचा राग नव्या सूत्रसंचालकाच्या चेहऱ्यावर किंवा आवाजावर नसतो. हा माणूस कारागिराला योग्य वेळी योग्य प्रश्न विचारील का, याची त्याला काळजी असते. घरकामात वेळ चुकली की प्रश्न वाया जातो. भिंत बंद झाली, फरशी बसली, रंगाचा हात फिरला, की आत काय आहे ते पुन्हा दिसत नाही.

[दृश्य: बॉस्टनमधल्या डॉर्चेस्टर भागाचे रस्ते, तिमजली लाकडी घरं.]

थोडं मागे जाऊ. 1979 मध्ये बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक वाहिनीवर रसेल मोराश या निर्मात्याने 13 भागांची एक मालिका केली, तीच ‘धिस ओल्ड हाउस’. डॉर्चेस्टरमधलं एक जुनं व्हिक्टोरियन घर घ्यायचं, दुरुस्त करायचं आणि ते काम होताना दाखवायचं. मोराश त्याआधी ज्युलिया चाइल्ड यांचे पाककृतींचे कार्यक्रम करत. पदार्थ शिजताना दाखवायचा, ही सवय त्यांनी घराला लावली.

सूत्रसंचालक होते बॉब व्हिला. ते स्वतः घरं दुरुस्त करणारे. सुतार होते नॉर्म एब्रम. एब्रम मोराश यांच्या घरी काम करत असताना मोराश यांचं लक्ष गेलं ते कामाशेजारच्या उरलेल्या लाकडी तुकड्यांच्या ढिगाकडे. ढीग अगदी लहान होता. मोजून कापणाऱ्या सुताराची खूण त्या ढिगात दिसते, आणि ती बघून माणूस निवडणाऱ्या निर्मात्याबद्दल आम्हाला मनापासून आदर वाटतो. नळकामाचे रिचर्ड ट्रेथवे पहिल्या मालिकेपासून होते. लेक्सिंग्टन गावातले ठेकेदार टॉम सिल्वा नंतर आले.

1989 मध्ये व्हिला कार्यक्रमातून बाहेर पडले. त्यांनी घरसामानाच्या एका साखळी दुकानाच्या जाहिराती केल्या होत्या, आणि ते दुकान कार्यक्रमाच्या प्रायोजकाचं स्पर्धक होतं. त्यांच्या जागी स्टीव्ह थॉमस आले आणि 2003 पर्यंत राहिले. मग ओकॉनर.

तीन माणसं, तीन जातकुळी. व्हिलांना काम येत होतं, म्हणून ते कारागिराच्या आधी उत्तर देऊ शकत. त्याचा फायदा असा की संभाषण भरभर पुढे जातं. तोटा असा की दोन जाणकार बोलू लागले की मधल्या पायऱ्या गळतात. ‘इथे पट्टी घातलीस ना?’ ‘हो, घातली.’ कोणती पट्टी, किती रुंद, कशासाठी, हे ऐकणाऱ्याला कळलंच नाही. थॉमस यांनीही स्वतःचं घर दुरुस्त केलेलं होतं, त्यामुळे तेही जाणकारच. ओकॉनर यांच्यामुळे पहिल्यांदा घरमालकाच्याच बाजूचा माणूस कॅमेऱ्यासमोर आला.

[दृश्य: जवळून. पाण्याने भिजवलेला कागद, चार इंची खरवडणी.]

आता त्या कागदाकडे येऊ. नवख्या सूत्रसंचालकाने काय विचारायला हवं, ते या एका कामात नीट दिसतं.

आधी खोलीची वीज मुख्य पेटीतून बंद. बटणांच्या आणि प्लगच्या पट्ट्या काढायच्या, कारण पाणी तिथूनच आत जातं. जमिनीवर प्लास्टिक आणि त्यावर जुनं कापड. नुसत्या प्लास्टिकवर ओला चिकट कागद पडला की पाय घसरतो. मग एका कोपऱ्यातून कागद कोरडाच ओढून बघायचा. व्हिनाइलचा असेल तर वरचा पापुद्रा सुटून येतो आणि मागचा कागद भिंतीवर राहतो. तो कागद पाणी पितो, त्यामुळे पुढचं सोपं जातं. वरचा पापुद्रा न निघाल्यास दातेरी चाकाच्या हत्याराने बारीक छिद्रं पाडायची. इथेच पहिली चूक होते. हात जड पडला की छिद्रं कागदात न थांबता खालच्या गिलाव्यात उतरतात, आणि नंतर प्रत्येक छिद्रात लांबी (पुट्टी) भरत बसावं लागतं.

कोमट पाणी लावून दहापंधरा मिनिटं थांबायचं. एका वेळी तीनचार फूट रुंदीच भिजवायची, नाहीतर दुसरं टोक गाठेपर्यंत पहिलं वाळून जातं. खरवडणी भिंतीला जवळजवळ समांतर धरायची. उभी धरली की ती रुतते. कागद निघाल्यावर खळ राहते, आणि ती दिसत नाही. ओल्या स्पंजने दोनतीनदा, दर वेळी पाणी बदलून, पुसून काढायची. हात फिरवून भिंत बुळबुळीत लागली तर खळ आहे. त्यावर रंग दिला की तो सुकताना आकसतो आणि बारीक भेगा पडतात. दोष मात्र रंगाला दिला जातो.

आता खरा प्रश्न. खरवडताना थांबायचं कधी?

उत्तर भिंतीच्या जातीवर आहे. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स ज्यात येतं त्या ईशान्य अमेरिकेतल्या, जुन्या घरांत लाकडी पट्ट्या आडव्या ठोकून त्यावर चुन्याचा गिलावा थापलेला असतो. पट्ट्यांच्या फटींतून गिलावा मागे जातो, तिथे वळतो आणि घट्ट होतो. गिलावा भिंतीवर टिकून असतो तो या मागच्या गाठींच्या जोरावर. गाठी तुटल्या की भिंत वरून सलग दिसते, पण बोटाने ठोकली की पोकळ वाजते. पोकळ वाजते तिथे कागद सैल करणारं वाफेचं यंत्र धरलं, तर ताटाएवढा तुकडा हातात येतो. म्हणून आधी ठोकून बघायचं, पोकळ जागा पेन्सिलने गोल करायच्या, स्क्रू आणि रुंद चकतीने गिलावा पट्ट्यांवर आवळायचा, आणि मगच ओल्या कामाला लागायचं.

भिंत जिप्सम बोर्डाची असेल तर दुखणं वेगळं. बोर्डाला अस्तर (प्रायमर) न देता थेट कागद चिकटवलेला असला, तर तो काढताना बोर्डाचाच वरचा कागद फाटतो. फाटलेल्या जागी पाण्यात मिसळणारी लांबी लावली की फुगे येतात. आधी तेलाचं किंवा लाखेचं अस्तर मारून फाटका कागद बंद करावा लागतो.

हे सगळं जाणत्या कारागिराच्या बोटांत असतं, म्हणून तो बोलून दाखवत नाही. तो ठोकतो, ऐकतो आणि पुढे सरकतो. बाजूला उभ्या असलेल्या माणसाने त्याच क्षणी विचारायला हवं: आत्ता तुम्ही काय ऐकलंत? ओकॉनर यांच्या नवखेपणाची किंमत तिथे आहे. आमचं मत स्पष्ट आहे. आपलं अडाणीपण न लपवणारा सूत्रसंचालक प्रेक्षकाला जाणकार सूत्रसंचालकापेक्षा जास्त देतो. मात्र त्याने आकडा मिळेपर्यंत प्रश्न सोडता कामा नये.

[दृश्य: न्हाणीघराची उघडी जमीन, मध्ये जाळी, लेव्हल पट्टी.]

आकड्यांसाठी न्हाणीघराची जमीन घ्या. ‘उतार दिलाय’ एवढं ऐकून समाधान मानणारा सूत्रसंचालक कामाचा नाही. उतार किती? फुटाला पाव इंच. भिंतीपासून जाळीपर्यंत तीन फूट असतील तर पाऊण इंच. मुख्य म्हणजे उतार कुठे? फक्त वरच्या फरशीला दिला आणि खालचं जलरोधक अस्तर सपाट राहिलं, तर सांध्यांतून मुरलेलं पाणी अस्तरावर साचतं, वास येतो, सांधे काळे पडतात. म्हणजे उतार अस्तराच्या खाली हवा. फरशीमागे मसाला किती पसरला? ओल्या जागेत फरशीच्या पाठीचा 95 टक्के भाग, कोरड्या जागेत निदान 80. हे बघायला नुकतीच बसवलेली एक फरशी उचलून उलटी करायची. फरशी उचलताना कॅमेरा दाखवतो आणि सूत्रसंचालक गप्प राहतो, तेव्हा प्रेक्षकाने नाराज व्हावंच.

झटपट नूतनीकरणाच्या कार्यक्रमांबद्दलची आमची खंत इथेच आहे. मोडतोड दोन मिनिटं, शेवटी डोळ्यांवरचे हात काढून घर बघण्याचा प्रसंग पाच मिनिटं, आणि मधलं काम संगीतावर धावतं. त्यात सूत्रसंचालक कोणीही आला तरी तो रंग आणि पडद्यांविषयीच बोलणार, कारण भिंत उघडी असतानाचा काळ त्याच्या वाट्याला येतच नाही. ‘धिस ओल्ड हाउस’ एकच घर अनेक भागांत दाखवत आला. तिथे वेळ हाताशी असूनही प्रश्न निसटला, तर तो सूत्रसंचालकाचाच दोष.

[दृश्य: बाहेरची लाकडी भिंत, एकावर एक चढवलेल्या फळ्या, सोललेला रंग.]

कधी प्रश्नही विचारला जातो, उत्तरही मिळतं, पण उत्तर इतकं उलटं वाटतं की ते दोनदा यावं लागतं. फळीच्या खालच्या कडेला फट दिसते. घरमालकाचा हात आपोआप सीलंटच्या नळीकडे जातो. कारागीर म्हणतो, ही फट भरू नका. फळ्यांमागे थोडं पाणी जातंच, आणि ते याच फटीतून बाहेर पडतं. ती बुजवली की लाकूड आतून ओलं राहतं, रंगाचे पापुद्रे सुटतात, आणि लाकूड कुजायला लागतं. उभ्या सांध्यांना आणि खिडकीच्या चौकटीच्या बाजूंना सीलंट हवं, फळीच्या खालच्या कडेला नको. अशा वेळी ‘पण मग पाऊस आत नाही का जाणार?’ हा घरातला साधा प्रश्न सूत्रसंचालकाने विचारलाच पाहिजे. तज्ज्ञाला तो सुचत नाही. प्रेक्षकाच्या मनात मात्र तोच असतो, आणि उत्तर न मिळाल्यास तो रविवारी नळी आणून फट बुजवून मोकळा होतो.

न्यू इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांशी याचा थेट संबंध आहे. आपल्याकडची विटा-सिमेंटची सवय या लाकडी घरांना लागू पडत नाही. पाणी बंद करणं आणि पाण्याला वाट देणं यांतला फरक तिथे पहिल्याच हिवाळ्यात कळतो. आणखी एक गोष्ट तितक्याच गंभीरपणे सांगायला हवी. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली 1978 मध्ये. त्याआधीच्या घरात भिंत खरवडायची, खिडकी घासायची, तर आधी शिशाची चाचणी. ठेकेदार घराच्या आतला सहा चौरस फुटांहून जास्त जुना रंग उकरणार असेल, तर त्याच्याकडे त्या कामाचं प्रमाणपत्र लागतं. मॅसॅच्युसेट्समध्ये सहा वर्षांखालचं मूल घरात असेल तर शिशाचा धोका दूर करणं मालकाला बंधनकारक आहे. स्वतःच्या राहत्या घरात स्वतःच्या हाताने काम करणाऱ्याला ठेकेदाराचा नियम लागत नाही, धूळ मात्र तीच. कोरडं घासायचं नाही, पाणी मारून खरवडायचं, दार प्लास्टिकने बंद ठेवायचं, आणि साध्या झाडूऐवजी अतिबारीक धूळ अडवणाऱ्या हेपा गाळणीचा व्हॅक्यूम वापरायचा. भिंतीचा कागद काढण्याचा कोणताही भाग शिशाचा उल्लेख न करता संपला, तर तो सूत्रसंचालक नवा असो वा जुना, आमच्या लेखी तो भाग अपुरा आहे.

[दृश्य: बाकावर रंधा, पटाशी, गुण्या. शेजारी लाकडाचे थोडे तुकडे.]

ओकॉनर यांना आता वीसहून जास्त वर्षं झाली. या काळात कार्यक्रमाची मालकी बदलली; 2021 मध्ये तो रोकू या टीव्ही-स्ट्रीमिंग कंपनीकडे गेला. बागकामाचे रॉजर कुक 2020 मध्ये निवृत्त झाले, 2022 मध्ये नॉर्म एब्रम. एब्रम निवृत्त झाले तेव्हा प्रेक्षकांना जे वाटलं ते सूत्रसंचालक बदलण्यापेक्षा खोल होतं, आणि ते समजण्यासारखं आहे. सूत्रसंचालक नवा आला तर प्रश्न बदलतात, पण सुतार गेला की उत्तरच बदलतं. आज नव्या पिढीचे कारागीर कॅमेऱ्यासमोर आहेत आणि इतक्या वर्षांत ओकॉनर स्वतः बरंच शिकले आहेत. त्यामुळे त्यांच्यापुढची अडचण आता व्हिलांचीच आहे. उत्तर माहीत असताना प्रश्न विचारायचा.

नवा भाग बघताना एक करून पाहा. भिंतीवर बोर्ड चढण्याच्या आधीचं दृश्य आलं की तिथे थांबवा. तुम्हाला स्वतःला त्या कारागिराला काय विचारायचं असतं ते कागदावर लिहा: सांडपाण्याच्या नळाचा उतार किती, वायर जुनी की नवी, खांबाला भोक पाडलं ते कडेपासून किती आत. मग पुढे चालू करा आणि बघा, त्यातलं काय काय विचारलं गेलं.

[दृश्य: कारागीर बोर्डाची पहिली फळी उचलतो. पडदा काळा.]