काँगोच्या काळ्या पाण्यातला बार्ब

मंडळी, टाकीत पाळल्या जाणाऱ्या, ‘बार्ब’ नावाच्या आफ्रिकेतल्या छोट्या माशांमध्ये मला सगळ्यात जवळचा वाटतो तो बटरफ्लाय बार्ब, शास्त्रीय नाव एन्टेरोमियस हुल्स्टार्टी. जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा जीव. अंगावर तीन काळे ठिपके, पिवळे पर आणि त्यांना काळी किनार. नराचा कल्ल्यामागचा ठिपका चंद्रकोरीच्या आकाराचा असतो, मादीचा गोल. मॅक्स पोल या बेल्जियन मत्स्यशास्त्रज्ञांनी १९४५ साली त्याचं वर्णन केलं आणि काँगोत राहून मोंगो भाषेचा अभ्यास करणारे मिशनरी गुस्ताफ हुल्स्टार्ट यांचं नाव त्याला दिलं. जुन्या पुस्तकांत तो ‘बार्बस’ या वंशात सापडेल.

हा मासा येतो काँगो नदीच्या खोऱ्यातल्या जंगलातून. तिथल्या ओढ्यांत पानं कुजत पडतात, पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. त्यात क्षार जवळपास नसतात, पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; जितका कमी, तितकं पाणी आम्ल) सहाच्या खाली असतो आणि दाट सावलीमुळे ते फार तापत नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी याच्या अगदी उलट! म्हणून टाकीसाठी आरओचं (क्षार काढून टाकलेलं) पाणी घ्यावं, त्यात थोडंसंच नळाचं मिसळावं आणि देशी बदामाची वाळलेली पानं टाकावीत. ती आपल्या रस्त्याकडेला पडलेलीच असतात. फवारणी न झालेल्या झाडाखालची वेचा.

आता जरा नीट ऐका, कारण अनुभवी माणसंही इथे मासे गमावतात. माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू तो पचवतात, पण आम्ल पाण्यात ते मंदावतात. तरीही मासे मजेत दिसतात, कारण कमी पीएचला जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो आणि ते फारसं विषारी नाही. टाकीत ते साठत जातं. मग एखाद्या रविवारी आपण उत्साहाने अर्धी टाकी रिकामी करून नळाचं पाणी भरतो. पीएच सहावरून आठवर गेला, तर विषारी अमोनियाचं प्रमाण सुमारे शंभरपट होतं. संध्याकाळपर्यंत मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकायला लागतात. मासे आजारी होते, असं आपण समजतो. खरं तर त्यांना आपण स्वच्छ पाण्याने मारलेलं असतं. तेव्हा पाणी थोडं थोडं, वरचेवर बदला, आणि नवं पाणी टाकीतल्या पाण्याशी जुळवूनच घाला. मासे कमी ठेवा, खाणं बेताचं घाला.

दुसरी अडचण उन्हाळ्याची. याला वीस ते चोवीस अंश मानवतं. टाकीवर पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण विदर्भातल्या मे महिन्यात तेवढं पुरत नाही. चिलर किंवा एसीची सोय नसेल तर हा मासा आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाजारात येणारे बटरफ्लाय बार्ब बहुतेक जंगलातूनच पकडलेले असतात. आपल्या हौसेसाठी त्यांना उकाड्यात कोंडणं मला पटत नाही.

बार्ब ठेवायची इच्छा मात्र दाबून टाकू नका. झांबेझी आणि ओकावांगोकडचा आडव्या अंगावर उभे काळे पट्टे असलेला एन्टेरोमियस फॅसिओलॅटस जास्त काटक आहे. तो सहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, म्हणून टाकी लांबट घ्या. दोन-तीन आणले तर ते बुजून झाडांमागेच राहतील; आठ-दहांचा थवा हवा. खायला आर्टेमियाची पिल्लं आणि डॅफ्निया (दोन्ही पाण्यातले बारीक जीव) द्या. वर तरंगणाऱ्या वनस्पती असू द्या, म्हणजे उजेड मंद होतो आणि थवा मोकळ्या पाण्यात येतो.