नागाचे महापौर जेसी रोब्रेदो

मंडळी, महापौर म्हटलं की आपल्याकडे सभेचा अध्यक्ष आठवतो. फीत कापायला महापौर आणि फाईलवर सही करायला आयुक्त. फिलिपिन्समध्ये तसं नाही. तिथे महापौराला लोक थेट निवडून देतात आणि शहराचा कारभारही तोच हाकतो. मुदत ३ वर्षांची. सलग ३ वेळा झाल्या की बाजूला व्हायचं. हे ध्यानात ठेवलंत तर जेसी रोब्रेदो यांची कारकीर्द नीट उलगडेल.

नागा हे बिकोल भागातलं मध्यम आकाराचं शहर. आपल्या नागालँडशी त्याचा काही संबंध नाही. रोब्रेदो तिथलेच. शिक्षण अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाचं, नोकरी मनिलात, एका बड्या कंपनीत. हुकूमशहा मार्कोस यांची सत्ता गेली त्याच वर्षी, १९८६ मध्ये, ते गावी परतले आणि १९८८ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, महापौर झाले. पाठीशी प्रांताचे बडे नेते लुईस व्हिलाफुएर्ते होते, नात्यातलेच. पुढे दोघांचं बिनसलं. ते बरंच झालं, असं मला वाटतं; नाहीतर हा माणूस कुणाचं तरी प्यादंच राहिला असता.

तेव्हा शहराची पार रया गेली होती. भर बाजारात वाहनांची कोंडी, जुगाराचे अड्डे राजरोस, आणि उत्पन्न इतकं घटलेलं की सरकारदरबारी शहराचा दर्जा पहिल्या वर्गावरून तिसऱ्यावर घसरलेला. रोब्रेदो यांनी बसस्थानक मध्यवस्तीतून बाहेर हलवलं, अड्डे बंद पाडले, नेमणुका नि बढत्या वशिल्याऐवजी गुणांवर सुरू केल्या. १९९० पर्यंत पहिला वर्ग परत मिळाला.

झोपडपट्टीचा प्रश्न त्यांनी बुलडोझरने सोडवला नाही. ‘कान्ताबाय सा काउस्वागान’ या योजनेत जमीनमालक, पालिका आणि रहिवासी यांना एकत्र बसवलं जाई. कुठे पालिकेने जागा विकत घेतली, कुठे दुसऱ्या जागेशी अदलाबदल केली आणि रहिवाशांनी हप्त्याहप्त्याने पैसे फेडले. काम संथ, कटकटीचं, पण घर पाडलं जाण्याची टांगती तलवार उतरली.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो १९९५ चा अध्यादेश. त्यातून नागा नगर लोकपरिषद उभी राहिली. स्वयंसेवी संस्था आणि लोकसंघटनांचे प्रतिनिधी नगरपरिषदेच्या समित्यांवर बसू लागले, तेही मताच्या अधिकारासह. पुढे पालिकेने नागरिकांसाठी पुस्तिका काढली: कुठला दाखला कुठल्या टेबलावर, किती पायऱ्या, किती वेळ, जबाबदार कोण. खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हे छापील असलं की कारकुनाला ‘उद्या या’ म्हणणं जड जातं. लोकप्रिय नेता सहसा आपल्यावाचून काही अडावं अशीच तजवीज करतो. हे गृहस्थ स्वतःचेच हात बांधून घेत होते.

१९९८ मध्ये ते नियमाप्रमाणे पायउतार झाले. २००० मध्ये त्यांना शासकीय सेवेसाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या मानकऱ्यांत आपल्या अरुणा रॉयही होत्या. २००१ ते २०१० पुन्हा ३ वेळा महापौरपद. पुरानंतर अर्ध्या चड्डीत, फावड्याने चिखल उपसणारे महापौर लोकांनी पाहिले, ते याच माणसाच्या रूपात. नंतर ते देशाचे गृह व स्थानिक शासन मंत्री झाले, आणि १८ ऑगस्ट २०१२ ला नागाला घरी येताना मास्बातेजवळ त्यांचं छोटं विमान समुद्रात कोसळलं.

पत्नी लेनी पुढे खासदार, मग उपराष्ट्राध्यक्ष आणि २०२५ मध्ये नागाच्या महापौर झाल्या. घराणेशाहीच, असं कुणी म्हणेल. पण पती हयात असताना त्या वकिली करत होत्या, निवडणूक लढवत नव्हत्या.