उघडं पिल्लू कुठून आलं?

रॅटचं प्रत्येक पिल्लू उघडंच जन्माला येतं. करंगळीएवढं, गुलाबी, डोळे मिटलेलं. आठवडाभरात अंगावर लव दिसायला लागते आणि पंधराव्या दिवसाच्या आसपास डोळे उघडतात. म्हणून ‘केस नसलेलं पिल्लू झालं’ असं पहिल्या दिवशी कुणी सांगितलं तर ते ऐकून घ्यायचं आणि दहा दिवस थांबायचं. एक आधीच सांगून ठेवतो. मराठीत मोठा रॅटही उंदीर आणि छोटा माऊसही उंदीर. गणपतीच्या वाहनाला ते चालतं, प्रयोगांसाठी प्राणी पाळतात त्या प्राणीगृहात चालत नाही. त्यामुळे आज मी रॅट आणि माऊस असंच म्हणेन.

मी ज्या प्राणीगृहात काम करत होतो तिथे पिंजरे सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे मामा म्हणायचे. एके दिवशी ते म्हणाले, “सर, तेरा नंबरच्या पिंजऱ्यात दोघांना खरूज झालीये.” नऊ पिल्लांचं वेत होतं. सात जणांची कातडी मखमलीसारखी झाली होती. उरलेल्या दोघांच्या अंगावर विरळ लव आली आणि गळून गेली. आम्ही काय काय केलं नसेल! भुसा बदलला, खाद्याचं पोतं बदललं, गोचिडीसारखे बारीक किडे असतील म्हणून कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. काही सापडलं नाही. महिना गेला आणि त्याच जोडीच्या पुढच्या वेतात पुन्हा तीन पिल्लं उघडी निघाली. तेव्हा कुठे आमची ट्यूब पेटली.

आई केसाळ, बाप केसाळ, मग हे कुठून आलं? प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. बिघडलेली प्रत अप्रभावी असेल तर सोबतची चांगली प्रत सगळं सांभाळून नेते. असा प्राणी वाहक असतो, पण दिसायला इतरांसारखाच. दोन वाहक जुळले की दर पिल्लामागे चारात एक शक्यता दोन्ही बिघडलेल्या प्रती एकत्र येण्याची. लोकांना वाटतं, चारात एक म्हणजे आठात दोन दिसणारच. तसं नाही. दोन्ही वाहक असूनही आठच्या आठ पिल्लं केसाळ निघण्याची शक्यता दहा टक्के आहे. तीनचतुर्थांशला आठ वेळा गुणून बघा. आणि एकच पालक वाहक असेल तर उघडं पिल्लू कधीच दिसणार नाही, निम्मी पिल्लं मात्र गुपचूप वाहक होतील. म्हणजे ही गोष्ट कितीतरी पिढ्या पिंजऱ्यात लपून राहू शकते आणि आपण चुलत, सख्खे जुळवायला लागलो की एका रात्रीत बाहेर येते. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत अनेक घरांत आहे. मी कुणाच्या घरात बोट घालत नाही, पण हिशोब तोच आहे.

आता दुसरी वाट, ती मला जास्त मजेशीर वाटते. हौशी लोक कुरळ्या केसांचे रॅट पाळतात, त्यांना रेक्स म्हणतात. पिल्लाच्या मिशा वाकड्या दिसल्या की लव यायच्या आधीच कळतं. हा बदल अप्रभावी नाही, एका प्रतीनेही दिसतो. मग हौस वाढते, माणूस कुरळ्याशी कुरळा जुळवतो आणि चारात एक पिल्लू दोन प्रती घेऊन येतं. ते दुप्पट कुरळं होत नाही! त्याचे केस गळतात, कुठे ठिगळासारखे उरतात, कुठे पुन्हा उगवतात, कुठे पुन्हा जातात. विकत घेणारा रागावतो की रोगट जनावर दिलं. 2010 साली जपानी संशोधकांनी दाखवलं की हा बदल केआरटी-71 या जनुकात आहे, म्हणजे केस ज्याचे बनतात त्या केराटिन प्रथिनाच्या जनुकात. कुत्र्यांच्या कुरळ्या केसांमागे हेच जनुक आहे. डेव्हन रेक्स मांजराचे कुरळे केस आणि स्फिंक्स मांजराची उघडी कातडी, दोन्ही ह्याच जनुकातल्या वेगवेगळ्या बदलांमुळे. कुरळेपणा आणि टक्कल इतके शेजारी राहतात. ज्याला कुरळेच हवेत त्याने कुरळ्याशी सरळ केसांचा जुळवावा. निम्मी कुरळी मिळतील आणि उघडं एकही नाही.

तिसऱ्या प्रकाराला मात्र हौस म्हणून हात लावू नये. 1953 साली स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीनच्या रोवेट संस्थेत काही उघडे रॅट जन्मले. ग्लासगोच्या एका रुग्णालयात 1962 मध्ये उघडे माऊस दिसले. ते लवकर मरत. 1968 मध्ये कळलं की त्यांच्या छातीत थायमस ग्रंथीच नाही, म्हणजे परक्या गोष्टींशी लढणाऱ्या टी-पेशी घडवणारा कारखानाच नाही. केस आणि थायमस, दोन्ही एकाच जनुकाच्या, फॉक्स-एन-1च्या हाताखाली. कर्करोगाच्या संशोधनात माणसाची गाठ ज्यांच्या अंगावर वाढवतात ते हेच माऊस, कारण त्यांचं शरीर परकी पेशी हाकलून देत नाही. दक्षिण इटलीतल्या अचेर्नो गावच्या दोन बहिणींमध्ये जन्मजात केस नव्हते आणि प्रतिकारशक्तीही नव्हती. 1999 मध्ये त्यांच्यात हाच दोष सापडला. उंदरांच्या पिंजऱ्यातलं टक्कल एका गावापर्यंत पोचलं ते असं.

आमच्या दोन पिल्लांपैकी मादी पाचव्या आठवड्यात गेली. उघडून पाहिलं, थायमस जागेवर होती. म्हणजे हा तिसरा प्रकार नव्हे. मिशाही आईबापांच्या सरळ होत्या, म्हणजे दुसराही नव्हे. राहिला तो साधा अप्रभावी बदल. उघड्या नराला ऊब द्यायला मामांनी कागदाच्या पट्ट्यांचं घरटं करून दिलं. तो भावंडांपेक्षा जास्त खायचा, कारण अंगावर पांघरूण नसेल तर भट्टी जोरात चालवावी लागते.

मग त्याला वयात आल्यावर त्याच्याच चार केसाळ बहिणींशी जुळवलं. ऐकायला वाईट वाटतं, पण कोण वाहक आहे हे बघायची तीच कसोटी. बहीण वाहक असेल तर निम्मी पिल्लं उघडी येतील, नसेल तर सगळी केसाळ. केसाळ भावंडांत दर तिघांत दोन वाहक असतात, म्हणून मला चारांपैकी दोन-तीन अपेक्षित होत्या. तीन निघाल्या. पहिल्याच वेतात उघडी पिल्लं, प्रश्न संपला. चौथीला आधी आठ झाली, मग नऊ. सतराच्या सतरा केसाळ. ती वाहक असती तर असं होण्याची शक्यता 1,31,072 मध्ये एक.

मामांनी तिघींच्या कार्डावर ‘वाहक’ असं पेनाने लिहिलं. चौथीच्या कार्डावर ‘नाही’ लिहिलं, ते पेन्सिलीने.