बिपच्या आधीचे हात

तुमच्यातले बरेच जण युवा महोत्सवात मूकनाट्याच्या स्पर्धेला उतरलेले आहात. चेहऱ्याला पांढरा रंग, अंगात आडव्या पट्ट्यांचा बनियन, आणि नसलेली काच तळहातांनी चाचपडणं. हे रूप जगभर पोचवलं फ्रेंच मूकाभिनेता मार्सेल मार्सोनं. त्याचं रंगमंचावरचं पात्र बिप, टोपीत लाल फूल खोचलेला, १९४७ साली जन्मला. मला आज बिपच्या आधीच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या वर्षांबद्दल बोलायचंय.

ती वर्षं हल्ली एका वाक्यात सांगतात: मार्सोनं मूकाभिनय करून ज्यू मुलांना गप्प ठेवलं आणि सीमेपार नेलं. ऐकायला छान वाटतं. मीही वर्कशॉपमध्ये हे कितीदा सांगितलंय. पण मग जरा खोलात वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. कारण त्यावेळी तो मूकाभिनेता नव्हताच. पॅरिसला दुलँच्या नाट्यशाळेत जाऊन मूकाभिनयाचे गुरू देक्रू यांच्याकडे शिकणं हे सगळं नंतरचं. तेव्हा तो चित्रकलेचा विद्यार्थी होता, आणि मुलांच्या उपयोगी पडली ती आधी त्याची चित्रकला.

मूळ आडनाव मांगेल. जन्म १९२३, स्त्रासबुर्ग. वडील शार्ल कसाई, धर्माच्या नियमाप्रमाणे कापलेलं मांस विकणारे; आवाज चांगला, गाण्याचा नाद. पोराला चॅप्लिनचे सिनेमे दाखवायला तेच घेऊन जायचे. सप्टेंबर १९३९ मध्ये लढाई सुरू झाली तसं सीमेवरचं स्त्रासबुर्ग रिकामं करण्यात आलं. मार्सेल सोळा वर्षांचा. बिऱ्हाड नैऋत्येकडे गेलं, आणि पुढे लिमोजला तो सजावटी कलांच्या शाळेत दाखल झाला.

नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन फौजा दक्षिण फ्रान्समध्येही उतरल्या. १९४३ च्या फेब्रुवारीत तरुणांना सक्तीच्या मजुरीसाठी जर्मनीला धाडण्याचा कायदा आला. ज्यूंसाठी तर धरपकड म्हणजे मरणच. आता तुमच्या माझ्या जगात वय ही एक नोंद असते. तिथे ओळखपत्रावरचा जन्माच्या सालाचा आकडा हा जगण्यामरण्याचा प्रश्न होता. लाल क्रेयॉन आणि काळी शाई घेऊन आपण तो आकडा बदलत असू, मुलांची वयं कमी करत असू, असं मार्सोनं पुढे सांगितलंय. कल्पना करा, कागद न खरवडता, दुसऱ्याच्या अक्षराच्या वळणाशी वळण जुळवायचं. हात जरा हलला तर ते पोर पहिल्याच तपासणीत जायचं. स्वतःचं नावही त्यानं असंच बदललं. राज्यक्रांतीतल्या एका सेनापतीचं मार्सो हे आडनाव त्यानं आणि भाऊ आलँनं घेतलं, आणि मग ते जन्मभर ठेवलं.

सीमेचं काम मुळात त्याचं नव्हतं. ते त्याचे मावसभाऊ जॉर्ज लोइंजे यांचं. हा माणूस व्यायामशिक्षक. जर्मनांच्या युद्धकैदेतून निसटून आलेला. ज्यू मुलांसाठी काम करणाऱ्या 'ओ.एस.ई.' या संस्थेची आश्रयगृहं धोक्यात आल्यावर मुलांना स्वित्झर्लंडला पोचवायचं जाळं त्यांनी उभं केलं. सीमेजवळ आनमास हे गाव. तिथे मुलांचा चेंडूचा खेळ लावायचा, चेंडू सीमेकडे जाईल असा फेकायचा, आणि तो आणायला धावलेली मुलं परत यायचीच नाहीत. मोठं माणूस सोबत नसलेल्या लहान मुलांना स्विस पहारेकरी सहसा परत लावत नसत. या माणसाच्या हातून साडेतीनशेच्या आसपास मुलं पार झाली. त्यात काही खेपा मार्सोनं केल्या, बालवीरांच्या सहलीचं सोंग घेऊन. वाटेत मुलांना रिझवायला त्यानं नकला केल्या असतील, केल्याच असणार. पण आधी हातातले कागद पक्के होते म्हणून गाडीत बसता आलं.

आणि हे सगळं नेहमी निभावलंच असं नाही. आनमासजवळच ३१ मे १९४४ रोजी मारियान कोन ही एकवीस वर्षांची मुलगी तिसेक मुलांसह पकडली गेली. तिथल्या महापौरांनी तिला एकटीला पळवायची तयारी दाखवली. मुलांना टाकून ती गेली नाही. जुलैत तिला ठार मारलं. मुलं वाचली. हे नाव माझ्या कोणत्याच वर्कशॉपमध्ये मी घेतलं नव्हतं.

त्याच १९४४ मध्ये गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, शार्ल मांगेलना पकडलं आणि औश्वित्झच्या छळछावणीत पाठवलं. ते परत आले नाहीत. पोरगा त्या काळात पॅरिसलगतच्या सेव्र गावी, इव्होन आन्योर बाईंच्या बालगृहात लपला होता. गंमत बघा, बालगृह सरकारी मदतनिधीवर चालायचं, म्हणजे जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारच्या. आणि बाई तिथे ज्यू मुलं आणि ज्यू शिक्षक खोट्या नावांनी ठेवत होत्या. मार्सो मुलांना नाटक शिकवायचा. शिकणारेही लपलेले, शिकवणाराही लपलेला. तालमीतसुद्धा एकमेकांना खरं नाव सांगायचं नाही. मला विचाराल तर त्याचं पहिलं नाट्यगृह हेच.

युद्धानंतर त्यानं या विषयावर फारसं तोंड उघडलं नाही. २००१ साली मिशिगन विद्यापीठात वॉलेनबर्ग पदक घेताना बोलला, तेही आडवळणानं. स्वतःबद्दल बोलायला आवडत नाही, आपण केलं ते ज्यांनी प्राण दिले त्यांच्यापुढे फार थोडं, असंच सांगितलं. २००७ मध्ये तो गेला. नव्वदी ओलांडल्यावरही भेटायला येणाऱ्यांना त्या मुलांच्या आठवणी सांगत राहिले ते जॉर्ज लोइंजे. ते २०१८ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या १०८ व्या वर्षी वारले.