पावडरीआधी काडी

(चोपडा तालुक्यात शेतकरी आणि बचतगटांतल्या महिलांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

भावांनो, माय-बहिणींनो,

रोपवाटिकेत रोज एकच प्रश्न येतो: "भाऊ, मुळं फुटायची पावडर द्या, मोगरा लागत नाही." मी आधी विचारतो, काडी, म्हणजे रोप करायला घेतलेला फांदीचा तुकडा, कोणत्या महिन्यात तोडली? उत्तर बहुधा वैशाखाचं निघतं. आपल्याकडे तेव्हा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला असतो. काडीला मूळ नाही, पाणी ओढायला तोंड नाही, पानांतून मात्र पाणी उडतंच आहे. ती चार दिवसांत सुकते आणि दोष पावडरीला जातो.

ही पावडर खत नाही, हे पहिलं समजून घ्या. झाडाच्या कोवळ्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, तयार होतं आणि ते वरून खाली वाहतं. फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने १९२८ मध्ये ओटच्या कोंबावर प्रयोग करून ते दाखवलं. आपण फांदी तोडली की हे संप्रेरक वाहत येऊन खालच्या कापाशी साचतं आणि तिथेच मुळं धरतात. म्हणून काडी उलटी लावली की बिघडतं. पावडरीत असतं त्याच जातीचं, कारखान्यात बनवलेलं इंडोल ब्युटिरिक आम्ल, आणि तेही थोडंसंच. बाकी सगळा टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड.

हे "थोडंसं" मला फार महत्त्वाचं वाटतं. १,००० पीपीएम म्हणजे किलोभर पावडरीत फक्त एक ग्रॅम औषध. कोवळ्या, हिरव्या काडीला तेवढं पुरतं. अर्धवट पिकलेल्या काडीला साधारण ३,०००, डाळिंबासारख्या टणक लाकडाला ८,००० पर्यंत. मी सुरुवातीला टणक लाकडाची पावडर मोगऱ्याच्या कोवळ्या काड्यांना लावली होती. जास्त लावलं तर लवकर फुटेल, असं वाटलं. आठवड्यात बुडखे काळे पडले, एकही जगली नाही. जे संप्रेरक मुळं फोडतं, तेच जास्त झालं की पेशी मारतं. पाकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय घेऊ नका.

काडी पेन्सिलीएवढी, तीन-चार डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरपा. वरचा सरळ, म्हणजे उलटसुलट होत नाही. खालची पानं काढा, वर दोन ठेवा, तीही अर्धी कापून. सगळी ओरबाडू नका, पानातूनच काडीला अन्न मिळतं. लागेल तेवढी पावडर कागदावर काढा. पाकिटात ओली काडी बुडवली की उरलेली पावडर खराब होते. बुडखा पाण्याने किंचित ओला करा, अर्धा इंच पावडरीत टेकवा, झटका. मग मातीत खिळ्याने आधी भोक पाडा. नुसती काडी खुपसली तर पावडर वरच पुसली जाते.

आपली काळी माती इथे चालत नाही, ती पाणी धरून ठेवते आणि बुडखा कुजतो. गिरणा-तापीकाठची धुतलेली वाळू आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, निम्मं-निम्मं घ्या. वरून पातळ पॉलिथिन, सावलीला हिरवी जाळी. आषाढ-श्रावणातली दमट हवा जे करते, ते कोणतीही पावडर करणार नाही.

शेवग्याच्या जाड फांदीला पावडर लागतच नाही. आंब्याच्या जुन्या झाडाच्या काडीला मात्र सहसा पावडर लावूनही मुळं येत नाहीत, तिथे कलमच बांधावं लागतं. आणि केळीवाल्या भावांनो, तुमच्या टिश्यूकल्चरच्या बाटलीत कोंबाला मुळं फुटवायलाही हीच ऑक्सिनं वापरतात.

आता इथे दोन ट्रे ठेवतो. दोन्हींत जास्वंदीच्या वीस-वीस काड्या, एकाच झाडाच्या. एका ट्रेला पावडर, दुसऱ्याला नाही. उपटून पाहू नका. पाच आठवड्यांनी मी येईन, तेव्हा आपण मिळून मोजू.